सामायिक चुका

पाठचिकित्सा शिकवताना एक नियम सांगावा लागतो. दोन पोथ्यांत शुद्ध पाठ समान असला, म्हणून त्यांचे जवळचे नाते सिद्ध होत नाही; तो मूळ संहितेतून दोघींकडे वेगवेगळ्या वाटांनी आलेला असू शकतो. चूक समान असेल, तर मात्र नात्याचा संशय बळावतो. तीच विचित्र चूक दोन लेखनिकांनी स्वतंत्रपणे करावी, असे क्वचितच घडते.

जीवशास्त्रातही हाच नियम चालतो, हे मला राळेगणसिद्धीत कळले. पाणलोटाच्या कामामुळे हे गाव सर्वांना ठाऊक आहे. माझ्यासाठी ते बहिणीचे गाव. भाची बी.एस्सी.ला आहे आणि जैवमाहितीशास्त्राच्या पहिल्याच धड्याने धास्तावली होती. "मामा, यात सगळं इंग्रजी अन् कॉम्प्युटर. मराठी मीडियमवाल्यांचं काम नाही हे." तिच्या वहीत ए, टी, जी, सी या चार अक्षरांच्या दोन ओळी एकीखाली एक मांडलेल्या होत्या, अक्षर गळाले तिथे आडवी रेघ. पाठभेदांचा तक्ताच तो!

मग तिनेच क जीवनसत्त्वाचे उदाहरण सांगितले. बहुतेक सस्तन प्राणी ते शरीरात तयार करतात. आपल्याला आवळा-लिंबू खावे लागते, कारण त्या निर्मितीच्या शेवटच्या पायरीचे जनुक आपल्यात मोडलेले आहे. चिंपांझीतही ते मोडलेले आहे, आणि मोडतोडीच्या खुणा जुळतात. गिनीपिगमध्येही ते निकामी आहे, पण निराळ्या प्रकारे. सामायिक चूक आणि स्वतंत्र चूक यांतला भेद मला वर्गात इतका स्वच्छ मांडता आलेला नाही.

अडचणीही सारख्याच. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या आदिपर्वाला १९३३ साली लिहिलेल्या प्रस्तावनेत वि. स. सुकथनकरांना पोथ्यांच्या परस्पर संकराशी झुंजावे लागले, कारण लेखनिक दुसऱ्या शाखेतले श्लोकही उचलत. जीवाणूही परक्यांची जनुके उचलतात. वंशवृक्षाच्या फांद्या आडव्या जुळतात.

जुळवणीची गणिती रीत नीडलमन आणि वुंश यांनी १९७० मध्ये दिली. अक्षर जुळले तर गुण, रेघ ओढावी लागली तर दंड. सर्वाधिक गुणांची मांडणी यंत्र निवडते. नाते असो वा नसो, कोणत्याही दोन ओळी ते जुळवून देते. दंड किती, हे मात्र माणूस ठरवतो.

"मग अक्षर गळालं की बदललं, हे यंत्राला कसं कळणार?" असे मी विचारले. भाचीने समान लांबीच्या त्याच दोन ओळी पुन्हा घेतल्या आणि दंड वाढवला. दोन्ही रेघा नाहीशा झाल्या. त्यांच्या जागी विजोड अक्षरे आली. ती बराच वेळ त्या दोन मांडण्या पाहत राहिली. मग म्हणाली, "मामा, यातली खरी कोणती?"