स्ट्रासबुर्गात एक चिमूरकर

खासदाराच्या खोलीबाहेर पेटी. दणकट, वर नाव लिहिलेली. लांबलचक कॉरिडॉरमध्ये दारोदार अशी एकेक पेटी बसलेली. "मामा, ही युरोपची संसद आज इथे आहे, शुक्रवारी ब्रुसेल्सला," भाचा म्हणाला. तो कार्ल्सरूहला असतो. त्याच्या दोस्ताची बायको इथे नोकरीला, म्हणून आम्हाला एवढ्या आतपर्यंत शिरकाव मिळाला होता.

नागपूरचं हिवाळी अधिवेशन ज्यानं पाहिलंय त्याला हा प्रकार ओळखीचा वाटावा. १९५३ च्या नागपूर करारात विदर्भाला शब्द दिला होता, की वर्षातून एक अधिवेशन तुमच्याकडे भरेल. तो पाळायचा म्हणून डिसेंबरात मुंबईचं सरकार फायलींसकट नागपुरात उतरतं, हुरडा खातं आणि जातं. इथे तेच, पण वर्षातून बारा वेळा, ४३० किलोमीटरवरून. बारा हा आकडा युरोपीय संघाच्या करारातच लिहिलेला. करार बदलायचा तर सगळ्या देशांची संमती हवी, आणि फ्रान्स ती कशाला देईल? बाप्पा, आम्हाला एका जागी बसू द्या, असं खासदारांनीच कितीदा तरी म्हणून पाहिलं. ऐकतो कोण!

तसं पाहिलं तर या गावाचाही हक्क आहे. १८७० ते १९४५ या पाऊणशे वर्षांत स्ट्रासबुर्ग चारदा या देशातून त्या देशात गेलं. ज्या गावावरून जर्मनी आणि फ्रान्स एकमेकांच्या जिवावर उठले, तिथेच आता दोघे बाकावर शेजारी बसतात. सकाळी आम्ही जर्मनीतल्या केलला ट्राममध्ये चढलो, ऱ्हाइनचा पूल ओलांडला आणि फ्रान्समध्ये उतरलो. कुणी तिकीटसुद्धा विचारलं नाही.

प्रेक्षक गॅलरीतून खाली पाहिलं तर अर्धवर्तुळात ७२० जागा. देशवार बसलेले नाहीत. जर्मन समाजवादी स्पॅनिश समाजवाद्याशेजारी, आणि दोघांची तोंडं आपापल्याच देशाच्या उजव्यांविरुद्ध. जर्मनीचे ९६, तर माल्टाचे ६. माल्टाची वस्ती साडेपाच लाखांच्या आसपास. आमच्या गडचिरोली-चिमूर मतदारसंघात नुसते मतदारच १६ लाखांवर, आणि खासदार एक. आमगावपासून सिरोंच्यापर्यंत तो एकटा काय काय बघणार, हे आम्हाला निवडणुकीगणिक कळतं.

कानाला हेडफोन लावला. २४ भाषा, आणि भोवताली काचेआड दुभाषे. एस्टोनियनमधलं थेट ग्रीकमध्ये सांगणारा माणूस नसेल तर ते आधी इंग्रजीत जातं, मग ग्रीकमध्ये. त्यामुळे एखाद्यानं विनोद केला की सभागृह हप्त्याहप्त्यानं हसतं. या चोवीसात आयरिशही आहे. शाळा सोडून रोज आयरिश बोलणारे साधारण ७२ हजार. मला गोंडी आठवली. २०११ च्या जनगणनेत २९ लाखांवर माणसांनी तिला आपली भाषा म्हटलं, तरी राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत ती नाही. भाच्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, "मामा, हळू बोला."

मतदान मात्र पाहण्यासारखं. दुरुस्त्यांची चळतच्या चळत. अध्यक्ष आकडा पुकारतात, हात वर होतात, खाली होतात, "मंजूर", पुढची. शंका आली की यंत्र. एवढं करून या संसदेला स्वतःहून कायद्याचा मसुदा आणायचा अधिकार नाही, हे ऐकून मी चक्रावलोच. मसुदा आणायचा तो युरोपीय आयोगानं. मग संसद आणि देशोदेशीच्या मंत्र्यांची परिषद, दोघांनी तो सारखाच मंजूर करायचा. परिषदेतही बहुतेक बाबतीत २७ पैकी १५ देश आणि त्यांच्यामागे एकूण लोकसंख्येचा ६५ टक्के वाटा असला की भागतं. काही नियम तर आयोग आणि देशोदेशीच्या तज्ज्ञांची समिती मिळून परस्पर करतात. संसदेनं फार तर आडकाठी करायची. आमच्याकडे धानावर करपा आला की जे ट्रायसायक्लॅझोल फवारतात, त्याचा तांदळातला अंश किलोमागे १ मिलिग्रॅमपर्यंत इथे चालायचा. २०१७ च्या अशाच एका नियमानं तो ०.०१ वर आणला. हिंदुस्थानातल्या बासमतीवाल्यांची झोप उडाली. आमचा धान काही युरोपात जात नाही, पण करप्याच्या औषधाची कुंडली इथे बसून मांडली जाते याचं मला नवल वाटलं.

खरं नवल पुढेच होतं. बाहेर पडताना कॉफीच्या रांगेत एक बाई भेटल्या. उत्तर मॅसिडोनियाच्या, शाळेत शिकवणाऱ्या. मुलांना संसद दाखवायला आणलं होतं. मी भाबडेपणानं विचारलं, "तुमचे खासदार किती?" म्हणाल्या, "एकही नाही. आम्ही अजून बाहेर आहोत. २००५ पासून उमेदवार."

मग त्यांनी सांगितलं ते ऐकून कॉफी निवली. १९९१ मध्ये देश स्वतंत्र झाला, नाव मॅसिडोनिया. ग्रीस म्हणालं, हे नाव आमच्या प्रांताचं. ग्रीस सदस्य, त्यामुळे त्याची मान हलल्याशिवाय दार उघडायचं नाही. शेवटी २०१८ मध्ये प्रेस्पा सरोवराकाठी करार केला आणि २०१९ मध्ये देशाचं नावच बदललं. नोटा, पासपोर्ट, पाट्या, सगळं. त्याच वर्षी फ्रान्सनं थांबवलं. २०२० मध्ये बल्गेरियानं : तुमची भाषा, तुमचा इतिहास हे आधी आमच्याशी नीट करा. २०२२ मध्ये वाटाघाटी एकदाच्या सुरू झाल्याचं जाहीर झालं, पण आधी राज्यघटनेत बल्गेरियन लोकांचा उल्लेख घाला, ही अट. वाटाघाटींची प्रकरणं ३५, आणि पुढच्या प्रत्येक पायरीवर सगळ्यांची संमती.

कायदा बहुमतानं होतो, आणि नवा सोबती घ्यायचा तर २७ च्या २७ जणांनी हो म्हणायचं, वर प्रत्येक देशानं आपापल्या रीतीनं शिक्कामोर्तब करायचं. १ मे २००४ ला एकदम दहा देश आत आले; २०१३ मध्ये क्रोएशिया आला, तो शेवटचा. ब्रिटननं फ्रान्सचा नकार १९६३ मध्ये खाल्ला, १९६७ मध्ये पुन्हा खाल्ला, १९७३ मध्ये आत आला आणि २०२० मध्ये स्वतःच निघून गेला. नॉर्वेला तर दार उघडून दिलं होतं. तिथल्या जनतेनं १९७२ आणि १९९४ मध्ये, दोन्ही वेळा नको म्हटलं.

गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाची ग्रामसभाही सर्वसहमतीनंच निर्णय घेते. एकजण अडला तर पुन्हा बसायचं, पुन्हा बोलायचं. युरोपानं वेगळी युक्ती काढलीय. डिसेंबर २०२३ मध्ये युक्रेनशी वाटाघाटी सुरू करायच्या होत्या, हंगेरीचे ऑर्बान अडून बसले. तेव्हा जर्मनीच्या चान्सेलरांनी सुचवलं आणि ऑर्बान खोलीबाहेर गेले. मागे उरलेल्या २६ जणांनी एकमत करून टाकलं. मेंढा-लेखाच्या देवाजी तोफांना हे सांगितलं तर ते काय म्हणतील, याची मला मोठी उत्सुकता आहे.

बाईंनी विचारलं, तुमच्याकडे नवं राज्य करायचं तर किती जणांची संमती लागते? मी सांगितलं, संसदेचं साधं बहुमत. ज्या राज्यातून तोडायचं त्याच्या विधानसभेचं मत मागवतात, पण ते बंधनकारक नाही. आंध्रच्या विधानसभेनं जानेवारी २०१४ मध्ये विधेयक नाकारलं, तरी जूनमध्ये तेलंगण झालं. बाईंनी कप खाली ठेवला. "आणि जिल्हा?"

"राज्य सरकारची अधिसूचना पुरते. आमच्या चंद्रपुरातून १९८२ मध्ये गडचिरोली तशीच निघाली."

"म्हणजे तुमचा चिमूर जिल्हा झाला असेल."

मी म्हटलं, नाही. १९४२ च्या ऑगस्टक्रांतीत आमच्या गावानं इंग्रजाला हाकललं होतं, त्या नावानं आम्ही कित्येक वर्षं क्रांती जिल्हा मागतोय.

"कुणाची संमती लागत नाही, मग अडलं कुठे?"

"ब्रह्मपुरीलाही जिल्हा हवा आहे."

बाई इतक्या मोठ्यानं हसल्या की रांगेतली पोरं वळून बघायला लागली. "म्हणजे तुमच्या शेजारीही ग्रीस आहे!"

भाच्यानं माझी बाही ओढली. तो ब्रह्मपुरीचा.