थांबलास तर दोन!

आमच्या कॉलेजातले मानसशास्त्राचे दोन प्राध्यापक चहा घेता घेता असे भांडतात, की आम्हां मराठीवाल्यांचे वाद मिळमिळीत वाटावेत! परवा पाळी वॉल्टर मिशेलची होती. या गृहस्थांनी स्टॅनफर्डला मुलांपुढे खाऊ ठेवला. थांबलास तर दोन! थांबणारी मुले पुढे अभ्यासात चमकतात, असे १९९० साली प्रसिद्ध झाले. २०१८ साली नऊशेंवर मुलांची माहिती तपासली. घरची परिस्थिती हिशेबात धरताच तो संबंध फारच क्षीण झाला.

"म्हणजे संयम खोटा?" एक गरजले.

"संयम खरा हो! पण उद्या डबा भरलेला असेल, ही खात्री किती घरांत असते?"

आमच्याकडे भांडी घासणाऱ्या बाईंचा मुलगा हातावर पडलेली चकली तिथेच खातो. आमच्या चिरंजीवांना डब्याची फळी ठाऊक असते.