ओळंबा

श्रावणातली सकाळ. कर्नाटकातल्या सरगूरच्या तांबड्या मातीत रागीची, म्हणजे नाचणीची, लावणी चालली होती आणि मी बांधावर उभी राहून पाहत होते. वायनाडच्या डोंगरांत पाऊस झाला की कबिनी धरणाची दारं उघडतात आणि कबिनी, म्हणजेच कपिला, गावाजवळून भरून वाहते; पण या शेताची भिस्त आभाळावरच. बायका जुड्या सोडून रोपं ओळीने खोचत होत्या. मातीत जाण्याआधी मुळं क्षणभर उघडी दिसत. पांढरी, ओली, उपटताना तुटलेली. दुपारपर्यंत रोपांनी माना टाकल्या. मी हळहळले, तशी शेताची मालकीण म्हणाली, "चार दिवस थांबा अम्मा, मग बघा."

मी कोकणातली. लेकीच्या नोकरीमुळे तीन महिन्यांपूर्वी इथे आले. आमच्याकडे डोंगरउतारावर नाचणीची रोपं नांगरलेल्या ओल्या मातीवर नुसती टाकून द्यायचे. आडवी पडलेली ती रोपं काही दिवसांत उभी राहायची. आजी म्हणायची, "तिला ठाऊक असतं गो, खाली कुठे ते." कसं ठाऊक असतं, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या सोबतीला आहे.

उत्तर मुळाच्या टोकाशी आहे. तिथे पेशींची एक इवलीशी टोपी असते आणि तिच्या मधल्या पेशींत पिठूळ, जड कण. मूळ आडवं झालं की हे कण घरंगळतात आणि पेशीच्या नव्या तळाशी जाऊन बसतात. गवंड्याचा ओळंबाच तो! दिशेची जाण टोकाला असते, हे चार्ल्स डार्विन आणि त्यांचा मुलगा फ्रान्सिस यांनी १८८० साली मांडलं. त्या कणांचं काम हाबरलांट आणि नेमेत्स या दोघांनी १९०० मध्ये, एकमेकांपासून स्वतंत्रपणे ओळखलं.

कण बसले की ऑक्सिन नावाचं संप्रेरक मुळाच्या खालच्या बाजूने जास्त वाहू लागतं. तिथल्या पेशी त्याने थबकतात, वरच्या लांबत राहतात आणि मूळ जमिनीकडे वळतं. आडव्या खोडातही ऑक्सिन खालच्याच बाजूला वाढतं. पण खोडाच्या पेशी त्याने थबकत नाहीत, उलट भराभर लांबतात, म्हणून खोड आभाळाकडे वळतं. निरोप एकच. पोचतो तिथल्या पेशीच्या घडणीप्रमाणे त्याचा अर्थ लागतो.

पेशीचं लांबणंही किती जपून! आपल्याच भिंतीत आम्ल सोडून ती भिंत सैल करायची, आत पाणी घ्यायचं, ताणायचं आणि वेळीच भिंत पुन्हा घट्ट करायची. वरून हुकूम देणारं कुणी नाही. प्रत्येक पेशी आतलं पाणी, क्षार, साखर यांचा मेळ क्षणोक्षणी बसवत असते. अशा कणाकणाच्या वाढीतून केवढा पसारा उभा राहतो! १९३७ मध्ये अमेरिकेत हॉवर्ड डिटमर यांनी राय नावाच्या धान्याच्या, चार महिन्यांच्या एकाच रोपाची मुळं मोजली. एकूण लांबी भरली ६२० किलोमीटरांहून जास्त.

मला सगळ्यांत जवळची वाटते ती बाजूच्या मुळाच्या जन्माची गोष्ट. ते मूळ आतल्या थरात अंकुरतं. बाहेर यायला वरच्या थरांतून वाट हवी. मोहरीच्या कुळातल्या एका छोट्या रोपट्यात शास्त्रज्ञांनी पाहिलं, की लगतच्या थरातली पेशी स्वतःचं आकारमान घटवून चक्क अंग चोरते. तिने अंग चोरलं नाही, तर नवं मूळ आकारच घेत नाही.

त्याच रोपट्यात आणखी एक नवल दिसलं. ओल खाली नसून बाजूला असेल, तर टोपीतले ते पिठूळ कण विरू लागतात. ज्याच्या भरवशावर आजवर सरळ खाली जायचं, तो ओळंबा मूळ स्वतःच हलका करतं आणि पाण्याकडे वळतं.

पाचव्या दिवशी मी पुन्हा शेतावर गेले. रोपं ताठ उभी होती. माती ओली असूनही त्यांनी माना का टाकल्या होत्या, ते आता कळत होतं: पाणी ओढणारे मुळांवरचे बारीक रोम उपटताना तुटले होते, नवे फुटेपर्यंत रोप ओलीत उभं राहूनही तहानलेलं. मालकिणीने एक रोप अलगद उचलून दाखवलं. झटकूनही मुळांची माती सुटेना. "धरलं," ती म्हणाली आणि रोप पुन्हा खोचून अंगठ्याने माती दाबली.

गेले तीन महिने मी इथली प्रत्येक गोष्ट कोकणाच्या ओळंब्याला लावून पाहत होते. पाऊस, नदी, ताटातला रागीच्या पिठाचा शिजवलेला गोळा, तो ‘मुद्दा’ही. त्या दिवशी तिने जेवायला थांबायचा आग्रह केला आणि मी थांबले. मुद्दा गरम होता. वास ओळखीचा होता, आजीच्या नाचणीच्या भाकरीचा.