केरसुणीला डोळे

मागच्या शनिवारी आई माळ्यावरचं सामान आवरत होती. त्यात माझा एक जुना पिवळा टीशर्ट निघाला. धुवून धुवून मऊ झालेला, गळ्यापाशी विरलेला. "हा गाडी पुसायला घेऊ का रे?" मी नको म्हणेपर्यंत तिने तो उलगडून छातीवरचं चित्र बघितलंही होतं. "अगं बाई, हे काय? केरसुणीला डोळे?"

आता आईला काय सांगणार! ती केरसुणी नाही, गव्हाची पेंढी आहे. भुवया चढवून चिडलेली. तिचं नाव वूशॉक, आणि ती अमेरिकेतल्या विचिटा स्टेट युनिव्हर्सिटीच्या संघाची खूण. २०११ ते २०१३ अशी दोन वर्षं मी तिथे एमएस केलं. आईचं त्यावरचं मत अजूनही तेच आहे: "एवढं कर्ज काढून हा बास्केटबॉल बघायला गेला होता."

थोडंफार खरं आहे ते :)

तर मंडळी, आजचं पुराण बास्केटबॉलचं. ज्यांना या खेळात रस नाही त्यांनी लगेच पळू नका, शेवटी गाडी डोंबिवलीलाच येणार आहे.

आपल्याकडे कॉलेजचा बास्केटबॉल म्हणजे मागच्या बाजूचं एक सिमेंटचं कोर्ट. जाळी नसलेली रिंग, आणि दुपारी तिथे लावलेल्या स्कूटर्स. मुंबईत नागपाड्यासारखी एखादी वस्ती या खेळावर जीव टाकते, अब्बास मुन्तसिरसारखा भारताचा कर्णधार तिथून येतो, १९७० साली अर्जुन पुरस्कार मिळवतो. पण ते सगळं कॉलेजच्या बाहेर. अमेरिकेत मात्र उलटं. तिथे कॉलेजचा संघ म्हणजे अख्ख्या गावाची इज्जत. वरच्या श्रेणीत साडेतीनशेहून जास्त संघ आहेत. त्यातले मूठभर बडे, म्हणजे फुटबॉलचा आणि टीव्हीचा पैसा असलेले. उरलेल्यांना म्हणतात 'मिड-मेजर'. अगदीच फुटकळ नाहीत, पण बड्यांच्या पंगतीत पाट नाही. दर मार्चमध्ये ६८ संघांची बाद फेरी असते, एक हरलात की घरी. तिथे वर्षातून एकदा या लोकांना बड्यांशी दोन हात करायला मिळतात.

मला ही कल्पना समजायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. मी डोंबिवलीचा. लांब पल्ल्याच्या गाड्या कल्याणला थांबतात, ठाण्याला थांबतात, आणि आमच्या प्लॅटफॉर्मवरून शिट्टी मारत, धूळ उडवत निघून जातात. आम्ही मुंबईकर नाही, गावाकडचेही नाही. मिड-मेजर!

विचिटा म्हणजे कॅन्ससमधलं गव्हाच्या शेतांनी वेढलेलं, विमानांच्या कारखान्यांचं शहर. १८९५ साली तिथे फेअरमाउंट नावाचं छोटं कॉलेज निघालं. तिथली पोरं हंगामात शेतावर राबून पैसे मिळवायची. कापलेल्या गव्हाच्या पेंढ्या वाळायला उभ्या रचून ठेवायच्या, या कामाला इंग्रजीत 'शॉकिंग' म्हणतात. म्हणून १९०४ साली संघाला नाव पडलं व्हीटशॉकर्स, त्याचं झालं शॉकर्स. आयव्ही लीगवाल्यांना वाघ-सिंह, आम्हाला पेंढी. १९५८ साली इथल्याच दोन विद्यार्थी भावांनी गावात पिझ्झा हट काढलं. (आपल्याकडचे सबमिशन एकमेकांचे कॉपी करतात!)

१९५१ ते ५५ मध्ये क्लिओ लिटलटन नावाचा कृष्णवर्णीय खेळाडू इथे खेळला. त्यांच्या लीगमधल्या पहिल्या काही कृष्णवर्णीयांपैकी एक. काही गावांत हॉटेलवाले त्याला आत घेत नसत, अशा काळात त्याने २,१६४ गुण केले. १९५५ साली गोल आकाराचं नवं स्टेडियम झालं, जुने लोक त्याला राउंडहाउस म्हणतात. १९६५ साली संघ पहिल्यांदा शेवटच्या चारांत गेला, तोही आपला सर्वोत्तम खेळाडू डेव्ह स्टॉलवर्थ याची खेळण्याची मुदत हंगामाच्या मध्यात संपलेली असताना. तिथे यूसीएलएने १०८-८९ असं धुतलं. तिसऱ्या जागेसाठी प्रिन्स्टनशी सामना झाला, त्यात बिल ब्रॅडली एकटा ५८ गुण करून गेला. गेलो एकदाचे दरबारात, आणि दोनदा मार खाऊन परत आलो.

१९७० मध्ये त्याहून वाईट झालं. २ ऑक्टोबरला विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचं एक विमान कोलोरॅडोच्या डोंगरात पडलं. ३१ माणसं गेली. फुटबॉल त्यानंतरही रडतखडत चालू राहिला, १९८६ साली बंद केला. मग गावाजवळ उरला तो बास्केटबॉलच. मी तिथे असताना पंचाहत्तरीचे आजोबा पिवळं जॅकेट घालून, वॉकर सरकवत मॅचला यायचे. त्यांना विचारलं की कधीपासून येता, तर सालाऐवजी एखाद्या खेळाडूचं नाव सांगायचे.

आणि मग मार्च २०१३. माझी शेवटची सेमिस्टर. आम्ही चार देशी पोरं एका फ्लॅटमध्ये, नोकरीचा कोणालाच पत्ता नाही, सगळ्यांच्या डोक्यावर कर्ज. संघाला नववं मानांकन. पहिल्यांदा पिट्सबर्गला हरवलं, मग थेट अव्वल मानांकित गोन्झागाला ७६-७०. त्या दिवशी गॅसवरची डाळ जळून काळी झाली, कोणी उठलंच नाही. मग ला साल, मग ओहायो स्टेट ७०-६६. शेवटचे चार! अटलांटात लुईव्हिलविरुद्ध उत्तरार्धात १२ गुणांनी पुढे होतो. ७२-६८ ने हरलो. पण दुसऱ्या दिवशी सुपरमार्केटमधल्या कॅशियर बाईंनी माझा टीशर्ट बघून हात घट्ट धरला आणि म्हणाल्या, "वुई डिड ओके, हनी." परदेशात 'वुई'मध्ये मला धरलं गेलं ते पहिल्यांदा आणि शेवटचं.

पुढच्या वर्षी हाच संघ सलग ३५ सामने जिंकला. छत्तिसाव्यात केंटकीकडून ७८-७६. शेवटच्या क्षणी फ्रेड व्हॅनव्लीटने मारलेला थ्री-पॉइंटर आत गेला असता तर... असो. २०१५ साली शेजारच्या बड्या कॅन्सस विद्यापीठाला, जे १९९३ पासून यांच्याशी खेळायलाच तयार नव्हतं, स्पर्धेत ७८-६५ ने हरवलं. तो व्हॅनव्लीट २०१६ साली कोणीही न निवडता एनबीएत शिरला आणि २०१९ मध्ये टोरंटोबरोबर विजेता झाला.

या सगळ्यामागे कोच होता ग्रेग मार्शल. तापट, सतत ओरडणारा. २०१५ साली अलाबामासारख्या मोठ्या विद्यापीठाने बोलावलं तरी गेला नाही. आमचा देव होता तो. जो सोडून जात नाही तो देव, एवढी साधी व्याख्या.

मी २०१६ मध्ये परत आलो. ठाण्यात एका मध्यम आकाराच्या कंपनीत लागलो, दोन वर्षांत टीम लीड झालो. आम्ही सहा जण. एका युरोपियन क्लायंटचं काम आम्ही एका अगडबंब कंपनीच्या तोंडातून काढून घेतलं होतं. मी टीमला विचिटाच्या गोष्टी सांगायचो. पेंढीचा फोटो माझ्या डेस्कवर.

फेब्रुवारी २०१८ मध्ये बातमी आली की लुईव्हिलचं ते २०१३ चं विजेतेपद नियमभंगामुळे रद्द झालं. मी ऑफिसात चक्क टाळ्या वाजवल्या. बडे लोक असेच जिंकतात, म्हटलं.

त्याच महिन्यात आमचं गो-लाइव्ह होतं. रात्रीचे बारा वाजून गेलेले. टीममधला सगळ्यात धाकटा पोरगा, टिटवाळ्याचा, तिसऱ्यांदा म्हणाला, "सर, शेवटची कसारा जाईल." माझं डोकं फिरलं. सगळ्यांसमोर त्याला नको नको ते बोललो. "जाऊ दे ना गाडी! स्टेशनवर झोप. जिंकायचं असेल तर असंच असतं." तो गप्प बसला. बग सापडला. गो-लाइव्ह झकास झालं. केक आला, वरून मेल आली, मला हाइक मिळाली. तीन आठवड्यांनी त्याने राजीनामा दिला. कारण लिहिलं, 'पर्सनल'. मीसुद्धा ते खरं मानलं.

नोव्हेंबर २०२०. घरी बसून काम चालू होतं. १७ तारखेला मार्शलने राजीनामा दिला. खेळाडूला ठोसा मारल्याचे, सहायकाचा गळा धरल्याचे, अपमानास्पद बोलल्याचे आरोप होते. मारहाणीचे आरोप त्याने नाकारले. विद्यापीठाने चौकशी केली आणि सहा वर्षांत मिळून ७७.५ लाख डॉलर देऊन त्याला निरोप दिला. मी पहिल्यांदा काय केलं असेल? त्याची बाजू घेतली. बड्यांच्या गावात असता तर दाबलं असतं, आपण छोटे म्हणून पकडले गेलो, वगैरे. जुन्या रूममेटला फोनवर अर्धा तास हेच ऐकवत होतो. तो शांतपणे म्हणाला, "लुईव्हिलच्या वेळी तू टाळ्या वाजवल्या होत्यास ना?"

फोन ठेवला आणि टिटवाळ्याचा पोरगा आठवला. अडीच वर्षांत पहिल्यांदा.

नंबर होता. दोन दिवस घेतले, मग लावला. "सर? बोला ना." मी जे बोलायचं ते बोललो. बराच वेळ काही आवाज नाही. मग म्हणाला, "त्या रात्री कल्याणपर्यंत गाडी मिळाली होती मला. पुढे नाही. पहाटेच्या पहिल्या कसाऱ्यापर्यंत बाकावर बसून होतो. आई फोन करत होती, तिला सांगितलं ऑफिसातच आहे, एसीत." मग म्हणाला, "बरं झालं फोन केलात." एवढंच. ठीक आहे, विसरा, असं काही म्हणाला नाही. आणि त्याने म्हणावं असं मलाही वाटलं नाही.

लहान असणं ही काही सवलत नाही, हे मला बास्केटबॉलमुळे कळलं असं म्हणणं बरोबर नाही. बास्केटबॉलमुळेच ते कळायला उशीर झाला. आपण कायम मागे उभे राहिलेले असतो, त्यामुळे एकदा पुढे गेलो की कसे गेलो हे कोणी विचारू नये असं वाटतं. २०१३ ची ती धाव खरी होती. त्या पोरांनी मारलेले बॉल खरेच आत गेले होते. पण बंद दारामागे कोणावर काय गुदरत होतं, हे विचारायचं त्या गोल स्टेडियममधल्या कोणालाच सुचलं नाही. मलाही नाही.

विचिटा स्टेटने त्यानंतर दोन कोच बघितले. आता तर खेळाडूंना पैसे मिळतात, विद्यापीठ बदलणंही सोपं झालंय. छोट्या संघात कोणी चमकला की बडे उचलून नेतात. तरी आजोबांची पुढची पिढी येत असणारच पिवळं जॅकेट घालून.

आमच्याकडे आता एक नियम आहे. रिलीज असो नाहीतर प्रलय, कसारा आणि कर्जतवाले साडेदहाला उठतात. मागच्या रिलीजला यामुळे एक दिवस उशीर झाला. क्लायंट जरा कुरकुरला, बाकी काही नाही.

टीशर्ट मी आईकडून परत घेतला. "घालणार आहेस का तो?" नाही म्हटलं. "मग?" मग काय, घडी करून कपाटात ठेवला. गाडी पुसायला तिला माझी जुनी लुंगी दिली.

चला, उद्या सोमवार. साडेआठची फास्ट.