कोपऱ्यातला रक्षक

सोने कसोटीवर घासले की ते आपला कस सांगून मोकळे होते. आणि आज सांगितलेला कस उद्या बदलत नाही. सतरा वर्षांच्या मुलाची गोष्ट तशी नव्हे. आज तो काय आहे एवढे पाहून भागत नाही; चार वर्षांनी तो काय होईल याचाही अदमास घ्यावा लागतो. त्यातून मुलगा घरचाच असला, म्हणजे ममता आणि भीती या दोघीही तराजूच्या पारड्यात येऊन बसतात. असे एक परीक्षकाचे काम गेल्या वर्षी आमच्याकडे आले. तशीच वेळ इतर घरांवरही येत असेल, म्हणून चार शब्द लिहीत आहो.

आमचे बिऱ्हाड साताऱ्याचे, कुटुंब एकत्र. आमच्या चुलत बंधूंचा धाकटा मुलगा तेव्हा बारावीत होता आणि शाळेच्या कबड्डी संघात डावा कोपरा सांभाळीत असे. सांगलीकडील एका महाविद्यालयाचे क्रीडाशिक्षक त्याचा खेळ पाहून गेले, आणि मागाहून निरोप आला की मुलाने पदवीसाठी तिकडे यावे. शुल्कात सवलत मिळेल व वसतिगृहात जागाही होईल. घरात लागलीच पक्ष पडले. वडिलांच्या मनात अभियांत्रिकी, आईच्या डोळ्यांपुढे मुलाचे गुडघे. आजींनी तर एका वाक्यात निकाल लावला, "हुतूतू खेळून कोणाचे पोट भरले आहे?" आम्ही तरुणपणी मातीच्या अंगणात थोडेफार खेळलो होतो, तेव्हा "तुम्हीच काय ते पाहून सांगा" असे म्हणून सर्वांनी ते ओझे आमच्या माथी दिले.

खेळाशी परिचय नसलेल्या वाचकांसाठी कोपऱ्याचे महत्त्व सांगणे अवश्य आहे. अंगणात सात खेळाडू असतात. दोन टोकांना दोन कोपरारक्षक, त्यांच्या आत त्यांचे साथीदार. चढाई करणाऱ्यास तीस सेकंदांत गडी बाद करून किंवा निदान रेषा ओलांडून परतावयाचे असते. तो कोपऱ्याकडे पाय टाकतो, त्या क्षणी रक्षकाने खाली वाकून त्याचा घोटा धरावा आणि शेजारच्याने पुढे येऊन परतीची वाट अडवावी, असा हा व्यवहार आहे. उजव्या अंगाने खेळणाऱ्या चढाईपटूंचा मारा डाव्या कोपऱ्यावर येतो. इराणच्या फझल अत्राचलीने याच जागेवर उभे राहून आपल्या व्यावसायिक स्पर्धेत मोठे नाव मिळविले, हे तरुण वाचकांस ठाऊक असेलच. चढाईपटूची चूक झाली तर तो एकटा बाहेर जातो. कोपऱ्याने उतावळेपणा केला तर आधाराला आलेले दोघे-तिघेही त्याच्याबरोबर बाद होतात. अशी ही जबाबदारीची जागा आहे.

प्रथम मुलाने आपल्या भ्रमणध्वनीवरील चित्रफीत दाखविली. चार मिनिटांत चौदा पकडी, आणि प्रत्येक यशस्वी! घरातील मुलाबाळांनी टाळ्या वाजविल्या. आम्हांस मात्र सोयरीक जमविताना पुढे येणाऱ्या छायाचित्रांची आठवण झाली. त्यांत खोटे काही नसते. गाळलेले पुष्कळ असते. म्हणून आम्ही त्याचे तीन सामने आरंभापासून अखेरपर्यंत पाहिले, आणि वही घेऊन बसलो.

पकडी किती झाल्या हे गुणफलकावर असतेच. आमच्या वहीत दुसऱ्याच गोष्टी होत्या. पकड करावयाची नव्हती तेव्हा तो थांबला काय? साथीदार जागेवर नसताना त्याने एकट्याने उडी घेतली काय? प्रतिस्पर्धी कोणत्या तोडीचा होता? पहिले दोन सामने दुबळ्या संघांशी झाले. त्यांत त्याने अकरा प्रयत्न करून आठ गडी धरले. तिसरा सामना एका नामांकित संघाशी होता. तेथे नऊ प्रयत्नांत तीनच साधले, आणि चार वेळा तो चढाईपटूच्या हुलकावणीला फसून वेळेआधीच झेपावला. सरासरी काढली असती तर ही गोष्ट झाकून गेली असती.

पण त्याच सामन्यात आम्ही आणखी एक गोष्ट टिपली. दुसऱ्या डावात अंगणात तिघेच उरले होते. तिघे किंवा त्याहून कमी रक्षक असताना पकड झाली तर एक गुण अधिक मिळतो. तिला अव्वल पकड म्हणतात. त्या लोभाने पुष्कळ मुले अंगावर धावून जातात. हा मात्र दोन पावले मागे सरला, चढाईपटूस आत येऊ दिले, आणि तो परत वळताच त्याचा घोटा धरला. सामना हरलाच, पण चार चुकांनंतर पाचव्या वेळी थांबता येणे ही गोष्ट आमच्या मते आठ पकडींहून मोलाची होती. उंची मध्यम, वजन बेताचे, हाताची पकड घट्ट, उजव्या अंगाला वळण्यात मंद, असेही आम्ही त्याच वहीत लिहिले.

शरीराविषयी लिहिताना हात थोडा आखडला, कारण आपल्याच मुलखातील एक कथा डोळ्यांपुढे होती. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात गेले, तेव्हा त्यांची लहानशी चण पाहून क्रीडाशिक्षकांनी त्यांचे नाव स्पर्धेत घेण्याचे नाकारले होते, असे सांगतात. प्राचार्य बॅ. खर्डेकर यांनी संधी दिली. याच प्राचार्यांनी पुढे आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, आणि १९५२ साली हेलसिंकी येथे खाशाबांनी स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक आणले. डोळ्यांनी मोजता येते तेवढेच मोजणारा परीक्षक कसा फसतो, याचे याहून जवळचे उदाहरण कोणते द्यावे?

आता आजींचा प्रश्न. त्याचे उत्तर टाळणे योग्य नव्हते. १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धांत कबड्डीस पदकाचा मान मिळाला. २०१४ पासून व्यावसायिक स्पर्धा सुरू झाली. सांगली जिल्ह्यातील काशिलिंग आडके आणि नितीन मदने यांनी तीत नाव कमाविले. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत पात्र खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव आहेत. हे सारे खरे. पण हजारो मुलांतून तेथवर मूठभरच पोहोचतात, आणि गुडघ्याचा एक स्नायुबंध तुटला की वर्षभराची तपश्चर्या थांबते, हेही तितकेच खरे. आम्ही दोन्ही बाजू आजींपुढे ठेविल्या. त्या म्हणाल्या, "म्हणजे पोट विद्येनेच भरायचे, खेळ वरची भाजी." याहून नेमके उत्तर आम्हांस सुचले नाही.

निकाल देण्यापूर्वी मुलाशी एकांती बोललो. यशाविषयी काही विचारले नाही. तिसऱ्या सामन्याचे नाव काढताच तो आपण होऊन म्हणाला, "काका, त्या चार पकडी मला रात्री दिसतात. मी त्याचे पाय बघत होतो, कंबर बघायला हवी होती." कारण बरोबर होते, आणि त्याने पंच, साथीदार वा नशीब यांपैकी कोणालाही बोल लाविला नव्हता.

आम्ही क्रीडाशिक्षकांस पत्र लिहिले. मुलाची पकड उत्तम आहे, उतावळेपणा अद्याप आहे, पहिले वर्ष तो बहुधा राखीवच राहील, हे लपविले नाही. सवलत पहिल्या वर्षापुरती की तिन्ही वर्षांची, दुखापत झाल्यास ती राहील काय, सरावाची वेळ प्रयोगशाळेच्या तासांवर येते काय, हे तीन प्रश्न विचारले. त्यांचे उत्तर सरळ व सभ्य आले: सवलत तिन्ही वर्षे, दुखापत झाली तरी कायम, सराव पहाटे व सायंकाळी. त्यावर बंधूंनी अभियांत्रिकीचा हट्ट सोडला, आणि मुलाने विज्ञानशाखेत संख्याशास्त्र घ्यावे असे ठरले. वहिनींनी गुडघ्यांची तपासणी वर्षातून दोनदा व्हावी, ही अट घातली, ती सर्वांस मान्य झाली.

सातारा आणि सांगली ही काही परकी मुलखे नव्हेत. १९४९ साली दक्षिण सातारा म्हणून वेगळा झालेला जिल्हाच १९६० साली सांगली झाला, आणि कृष्णामाई दोहोंना जोडूनच वाहते. तरी मुलाची ट्रंक भरली त्या दिवशी घर गप्प होते. यंदा तो संघात राखीव आहे, हे आम्ही लिहिल्याप्रमाणेच झाले. पुढे काय होईल ते आम्ही सांगू शकत नाही. ज्या घरांवर अशी वेळ येईल त्यांस एवढेच सुचवावेसे वाटते की, मुलाचा जिंकलेला सामना हौसेने पाहावा. पण निर्णय करण्यापूर्वी हरलेला एक सामना शेवटपर्यंत अवश्य पाहावा, आणि त्याविषयी तो काय बोलतो ते लक्ष देऊन ऐकावे.