भिंत बंद होण्याआधी

३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर ही ७६५ केव्हीची वाहिनी सुरू झाली आणि दक्षिणेचं वीजजाळं उरलेल्या देशाच्या जाळ्याला जोडलं गेलं. सात लाख पासष्ट हजार व्होल्ट! माझं कामही सोलापुरातच, विजेचंच चालतं, पण दाबाच्या पार दुसऱ्या टोकाला. बारा व्होल्ट, चोवीस, फार तर पन्नास-पंचावन्न. ऑफिसातले कॅमेरे, हजेरीचं बायोमेट्रिक मशीन, दाराचं मॅग्नेटिक कुलूप, वायफायचे ॲक्सेस पॉइंट, एसीचे सेन्सर, मीटिंग रूममधला स्क्रीन या सगळ्यांच्या वायरी कुठून आणि कशा जाणार हे ठरवायचं आणि मग त्या ओढायच्या. धंद्यात याला ईएलव्ही, म्हणजे एक्स्ट्रा लो व्होल्टेज, म्हणतात. हात लागला तरी झटका बसत नाही, म्हणून बांधकामाच्या वेळी हे काम नेहमी शेवटाला ढकललं जातं. फरशी, रंग, फर्निचर झालं की मालक फोन करतात.

दोन्ही टोकांचं गणित मात्र एकच आहे. वॅट तेवढेच ठेवून व्होल्ट चौपट केले की करंट पावपट होतो आणि तारेत उष्णता होऊन वाया जाणारी वीज सोळाव्या हिश्शावर येते. म्हणून रायचूरची वाहिनी एवढ्या उंच दाबाची, आणि म्हणूनच नेटवर्कच्या केबलमधून कॅमेऱ्याला वीज देताना, म्हणजे पीओईत, बाराऐवजी पन्नासच्या आसपास व्होल्ट वापरतात. हे लक्षात न घेता कुणी दाराच्या बारा व्होल्टच्या कुलपाला चाळीस मीटरवरून नेटवर्क केबलच्या एकाच जोडीतून वीज देतो. जाऊन-येऊन ऐंशी मीटर बारीक तांबं. अर्धा ॲम्पिअर करंट धरला तर अडीच-तीन व्होल्ट वाटेतच जातात आणि दाराशी नऊ-साडेनऊ पोचतात. कुलूप लागलेलं दिसतं, दिवाही लागतो, पण खांद्याने जोराचा धक्का दिला की दार उघडू शकतं. त्यामुळे कुलपाचा पॉवर सप्लाय दाराजवळ बसवावा किंवा जाड वायर टाकावी. हा निर्णय नकाशावर घ्यायला दोन मिनिटं लागतात. भिंतीला पुट्टी झाल्यावर त्याची किंमत वेगळीच असते.

२०१६च्या जानेवारीत स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांच्या यादीत पुण्याबरोबर सोलापूरचं नाव आलं. त्यानंतर आमच्या गिऱ्हाइकांच्या मागण्याही बदलत गेल्या. होटगी रोडचा सीए असो, जुळे सोलापुरातलं हॉस्पिटल असो की चिंचोळी एमआयडीसीतला कारखानदार, प्रत्येकाला आता माणूस खोलीबाहेर गेला की दिवे-एसी बंद व्हायला हवेत आणि कुठलंही दार मोबाईलवर दिसायला हवं. बहुतेकांचा समज असा असतो की हे सगळं हवेतून चालतं. वायफाय आहे ना, मग पाइप कशाला?

वायफायची हवा शेवटच्या दहा-पंधरा मीटरपुरती. त्यामागे वायरच असते. छताला लावलेल्या प्रत्येक ॲक्सेस पॉइंटला स्वतःची केबल लागते, आणि तीही साधीसुधी चालत नाही, कारण एका केबलवर तीस-चाळीस माणसांचे फोन आणि लॅपटॉप येतात. जुन्या पेठांतल्या इमारतींच्या दीड-दोन फुटी दगडी भिंतींतून पाच गिगाहर्ट्‌झची लहर पलीकडे जातच नाही म्हटलं तरी चालेल. तिथे प्रत्येक खोलीत वेगळा पॉइंट द्यावा लागतो. म्हणजे वायरलेस वाढलं की वायरही वाढते. २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात तर एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. शेजारच्या चार दुकानांचे राउटर आधीच तिथे गर्दी करून असतात. त्यात प्रिंटर, टीव्ही, कॅमेरा घुसवले तर फोनवाल्यांना काय उरणार? जी वस्तू जागची हलत नाही तिला केबल द्यायची आणि हवा हलणाऱ्यांसाठी मोकळी ठेवायची, असं मी नकाशा समोर ठेवून सांगतो आणि त्यावर अडून बसतो.

आमच्या गावात हे समजावायला मला मागाचा आधार मिळतो. ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, भरताना ते किती, फणी कुठली हे ठरलं की ते ठरलं. नंतर बाण्याचा रंग बदलता येतो, नक्षी बदलता येते, पण चादरीची रुंदी वाढवायची तर ताणा पुन्हा भरावा लागतो. भिंतीतले पाइप हा ऑफिसचा ताणा. विणकर समाजातल्या पद्मशाली कारखानदाराला एवढं सांगितलं की तो पुढचं स्वतःच विचारतो, ‘मग जादा पाइप किती टाकायचे?’

त्या प्रश्नाचं माझं उत्तर ठाम आहे. जादा केबलपेक्षा जादा पाइप. दहा वर्षांनी कुठली केबल लागेल हे आज कुणी सांगू शकत नाही, पण पंचवीस मिलीमीटरचा रिकामा पाइप आणि त्यात सोडलेली नायलॉनची दोरी तेव्हाही उपयोगी पडेल. पाइप गच्च भरायचा नाही. चाळीस टक्क्यांपर्यंत भरला की थांबायचं, नाहीतर पुढची वायर ओढताना आधीच्या सोलल्या जातात. काटकोनाचे एल्बो टाळून मोठ्या गोलाईचे बेंड घ्यायचे. दोन बेंडनंतर जंक्शन बॉक्स ठेवायचा आणि तो फर्निचरमागे गाडायचा नाही.

भिंत यंत्रांपेक्षा जास्त जगते, हे साऱ्या जगाने मान्य केलंय. पीओईचं पहिलं मानक २००३चं, त्यात यंत्रापाशी जेमतेम १३ वॅट पोचायचे. २००९मध्ये ते साडेपंचवीस झाले आणि २०१८मध्ये सत्तरच्या वर गेले. प्रत्येक वेळी नव्हे, पण पुष्कळदा केबल तीच राहिली. त्याहून बोलकी गोष्ट २०१६ची. अडीच आणि पाच गिगाबिट वेगाचं नवं मानक आलं ते मुख्यतः जगभरच्या भिंतींत आधीच पुरलेल्या कॅट-५ई आणि कॅट-६ जातीच्या नेटवर्क केबलींसाठी. तेवढ्या भिंती कोण फोडणार? ज्यांनी तेव्हा शुद्ध तांब्याची केबल नीट टाकली होती, त्यांना केवळ दोन टोकांची यंत्रं बदलून वेग वाढवता आला.

शुद्ध तांब्याची, हे मुद्दाम म्हणतोय. बाजारात ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली केबल स्वस्तात मिळते आणि बॉक्सवर कॅट-६ असंच छापलेलं असतं. तिचा रेझिस्टन्स तांब्याच्या दीडपटीहून जास्त. पीओईचा भार पडला की ती तापते, आणि पंच करताना वाकली की तुटते. ओळखायची रीत सोपी आहे: ब्लेडने तार खरवडायची, आत पांढरी निघाली की बॉक्स परत. ३०५ मीटरचा बॉक्स हातात उचलला तरी वजनावरून कळतं. कितीही ओळखीच्या मालकाने अशी केबल आणून दिली तरी मी ती टाकत नाही. काम सोडतो. ज्या गोष्टीचा दोष पाच वर्षांनी, भिंतीच्या आत उघडा पडणार आहे, तिथे आजची भीड उपयोगाची नाही.

मग आपला उन्हाळा. केबलची मोजमापं वीस अंश तापमान धरून केलेली असतात: ९० मीटर भिंतीतली आणि १० मीटर दोन्ही टोकांच्या पॅच कॉर्डची. वीस अंश सोलापूरला हिवाळ्याच्या रात्री असतात. मे महिन्यात बाहेर त्रेचाळीस-चव्वेचाळीस होतात आणि वरच्या मजल्यावर, स्लॅबखाली आणि फॉल्स सीलिंगच्या वर जी पोकळी असते तिथे त्याहून बरंच जास्त. एसीचा गारवा सीलिंगच्या खाली राहतो आणि केबल वर भाजत असते. तांबं तापलं की सिग्नल जास्त झिजतो. चाळीस अंशांपर्यंत दर अंशाला साधारण ०.४ टक्के, पुढे ०.६. साठ अंशांचा हिशोब केला तर नव्वद मीटरची मर्यादा पंच्याहत्तरवर येते. त्यात पीओईच्या केबलींची जाडजूड जुडी बांधली तर मधल्या केबलींची उष्णता बाहेर पडत नाही. म्हणून वरच्या मजल्यावर पंच्याहत्तर मीटर ही माझी शेवटची रेघ. जुड्या लहान ठेवायच्या आणि त्या वेल्क्रोने सैल बांधायच्या, प्लॅस्टिक टायने आवळायच्या नाहीत. जानेवारीत गड्डा यात्रेच्या सुमारास टेस्ट केलेलं काम मे महिन्यात अचानक नेटवर्क सोडू लागतं, त्यामागे पुष्कळदा हेच असतं. यंत्रं बदलून बदलून मालक थकतात.

मागाच्या शेडला लागून ऑफिस असेल तर सुताचे तंतू. ते स्विचच्या पंख्यात जातात, पोर्टमध्ये बसतात, रॅकच्या जाळीवर पांघरूण धरतात. तिथे उघडा रॅक ठेवायचाच नाही. फिल्टर असलेला बंद रॅक, आणि तो झाडायची जबाबदारी एका माणसावर. शेड आणि ऑफिस दोन वेगळ्या इमारती असतील तर मधे तांब्याची केबल टाकायची नाही, फायबर टाकायचं. वळवाच्या विजा चमकायला लागल्या की दोन इमारतींच्या अर्थिंगमध्ये क्षणभर प्रचंड फरक पडतो आणि तो तांब्यातून वाट काढत स्विचपासून कॅमेऱ्यापर्यंत सगळं जाळून टाकतो. फायबर काचेचं आहे, त्यातून तो जात नाही.

कारखान्यात आता प्रत्येक विभागाचं वीजमीटर कॉम्प्युटरवर वाचायची मागणी असते. हे मीटर आरएस-४८५च्या दोन तारांवर बोलतात आणि त्यांची जोडणी एकातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात अशी सलग लागते. इलेक्ट्रिशियनची सवय प्रत्येक पॉइंटची वायर बोर्डापर्यंत वेगळी आणायची. तसं केलं की काही मीटर कधी दिसतात, कधी दिसत नाहीत. सलग ओळ, दोन्ही टोकांना १२० ओहमचा रेझिस्टर आणि शील्डचं अर्थिंग एकाच टोकाला. एवढं पाळलं की हजार मीटरवरचं मीटरही बोलतं. हे पाइप टाकणाऱ्याला आधी सांगावं लागतं, कारण पाइपांचा मार्गच वेगळा होतो.

जुन्या दगडी वास्तूत छिन्नी हातात घ्यायची नाही. आमच्या महापालिकेच्या इंद्रभुवनासारखं कोरीवकाम असलेल्या इमारतींत तर नाहीच. तिथे वायर बाहेरून, कॉर्निसच्या सावलीतून, दगडाला धक्का न लावता न्यायची. वेळ दुप्पट लागतो, लागू द्यावा.

दारांबद्दल मी सर्वांत जास्त आग्रही आहे. मे २०२५मध्ये अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याला आग लागली आणि आठ माणसं गेली. त्या आगीच्या कारणांबद्दल बोलायचा मला अधिकार नाही. पण या गावात, जिथे सूत आणि माणसं एकाच छपराखाली असतात, तिथे विजेच्या कुलपाचं काम घेणाऱ्याने ती घटना डोळ्यांसमोर ठेवूनच नकाशा काढावा. मॅग्नेटिक कुलूप वीज गेली की उघडलंच पाहिजे. फायर अलार्मच्या पॅनेलपासून कुलपाच्या सप्लायपर्यंत स्वतंत्र वायर हवी, मधे सॉफ्टवेअर नको, इंटरनेट नको, कुणाचा मोबाईल नको. दाराशेजारी आतल्या बाजूला काच फोडून दाबायचं हिरवं बटण, आणि तेही थेट सप्लाय तोडणारं. मालक म्हणतात, चोर बटण दाबेल. मी म्हणतो, बटण आत आहे, चोर बाहेर.

कॅमेऱ्यांसाठी स्विचवर वेगळी वाट ठेवतो, हिशोबाच्या कॉम्प्युटरांपासून अलग. २०१६मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने कारखान्यातून आलेला पासवर्ड न बदललेले लाखो कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले आणि अमेरिकेतल्या मोठमोठ्या वेबसाइट काही तास बंद पाडल्या. हे कॅमेरे साध्या घरा-दुकानांतलेच होते.

प्लास्टरच्या आधी प्रत्येक भिंतीचा टेप लावून फोटो घेतो. जमिनीपासून किती, कोपऱ्यापासून किती हे फोटोतच दिसतं. प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना एकच नंबर, तोच नकाशावर, आणि नकाशाची एक प्रत रॅकच्या दाराला आतून चिकटवलेली. माझ्याकडची पोरं सुरुवातीला कंटाळतात. ‘काका, आपल्यालाच तर परत यायचंय, लक्षात राहील की,’ म्हणतात. परत आपणच येऊ कशावरून? जो येईल त्याला भिंत न फोडता काम करता आलं पाहिजे.

सध्या दमाणीनगरला दोन भावांचं नवं ऑफिस चाललंय. पाइपांचे मार्ग ठरले, त्यांच्यासाठी भिंतीत झिऱ्या मारून झाल्या, रॅकची जागा अजून नक्की नाही. मला चार बाय पाच फुटांची, मोरीपासून लांब, स्वतःचा एसी असलेली खोली हवी आहे. थोरले भाऊ म्हणतात तिथे मुनीमजींची केबिन होईल, रॅक बाथरूमवरच्या माळ्यावर टाका. धाकट्याला माझं पटलंय, पण थोरल्यासमोर तो बोलत नाही. सोमवारी गवंडी प्लास्टरला हात घालणार आहे. रविवारी सकाळी दोघांनाही साइटवर बोलावलंय, आणि थोरल्या अण्णांना मी त्या माळ्यावर चढवून थोडा वेळ बसायला सांगणार आहे.