मामांच्या गाडीची नळी

कला शाखेच्या विद्यार्थ्याने वार्षिक अंकात मोटारसायकलच्या एका रबरी नळीवर लेख लिहावा, याचे काहींना नवल वाटेल. कवितेसाठी पाऊस आहे, लेखासाठी राष्ट्रीय एकात्मता आहे; मग ही नळी मध्येच कोठून आली? पण गेल्या वर्षभरात या नळीने मला जितका विचार करायला लावला, तितका कोणत्याही प्रश्नपत्रिकेने लावला नाही. शिवाय एखादी वस्तू काढून टाकण्यापूर्वी ती तेथे मुळात का आली हे शोधणे, हा तर आम्हा इतिहासाच्या विद्यार्थ्यांचाच उद्योग!

माझे थोरले मामा १९८५ साली इंग्लंडला गेले. लेस्टरजवळच्या एका कारखान्यात त्यांनी सतरा वर्षे नोकरी केली. त्यांतली बरीचशी रात्रपाळीत. २००२ साली ते कायमचे कोल्हापूरला परतले ते आपली मोटारसायकल बरोबर घेऊनच. १९९७ सालची, जपानी बनावटीची, ६०० सीसीची गाडी. चार सिलिंडर आणि चार कार्ब्युरेटर. बुलेट, राजदूत आणि येझ्दी पाहिलेल्या आमच्या गल्लीला या गाडीच्या पोटात पाणी खेळते याचेच अप्रूप होते. दोन वर्षांपूर्वी गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा मामांनी किल्ली माझ्या हातावर ठेवली. “सांभाळ,” एवढेच म्हणाले.

गेल्या मे महिन्यात गाडीखाली हिरवट थेंब दिसू लागले. गाडी तापली की गोडसर वास यायचा. उद्यमनगरातल्या मिस्त्रींनी टाकी उतरवली, एअर फिल्टरचा डबा काढला आणि बॅटरीच्या उजेडात बोट दाखवले. इंजिनाभोवती फिरणाऱ्या गरम पाण्याचा एक बारीक फाटा कार्ब्युरेटरांकडे गेला होता. चारही कार्ब्युरेटरांच्या अंगातून फिरून ते पाणी परत पंपाकडे जाई. पंचवीस वर्षांच्या उष्णतेने त्या नळ्या लाकडासारख्या कडक झाल्या होत्या आणि क्लिपेपाशी एक नळी चिरली होती.

“ह्ये सगळं काडून टाका की,” मिस्त्री म्हणाले. “आपल्यात कुठं बर्फ पडतंय? आठ जोड हाईत. आज ह्यो गळतोय, उद्या त्यो गळंल. आन् दर टायमाला टाकी उतरवायची!”

मला ते पटले. मी घरी येऊन मामांना सांगितले. मामांनी चहाचा कप खाली ठेवला.

“ती नळी काढायची नाही.”

मामा सहसा असे बोलत नाहीत. मी कारण विचारले नाही. पण रात्री जेवणानंतर त्यांनी आपणहून सांगितले. या गाडीच्या आधी त्यांच्याकडे एक जुनी गाडी होती. तिला ही व्यवस्था नव्हती. नोव्हेंबरातली पहाट, रात्रपाळी संपलेली, एम-वन महामार्गावर धुके. ताशी साठ मैलांच्या वेगात इंजिन गुदमरले आणि बंद पडले. मागून एक मालट्रक येत होता. त्याच्या चालकाने कसाबसा ट्रक बाजूला घेतला, त्याचा भोंगा मामांच्या कानांवरून गेला. मामा कडेला उभे राहिले. दहा मिनिटांनी, काहीही न करता, गाडी पहिल्याच प्रयत्नात सुरू झाली. “गाडीत बिघाड नव्हताच,” मामा म्हणाले. “कार्ब्युरेटरच्या घशात बर्फ साचला होता, तो इंजिनाच्या उबेने वितळला. पुढची गाडी घेताना मी दुकानदाराला पहिला प्रश्न विचारला, तो या नळीचा. तुझ्या मामींना ही गोष्ट मी कधी सांगितली नाही.”

यानंतर त्या नळीकडे पाहण्याची माझी दृष्टी बदलली. मिस्त्रींना ती गळणारी रबराची वस्तू दिसत होती. मामांना तिच्यात धुक्यातून घरी पोहोचण्याची हमी दिसत होती. दोघांपैकी चूक कोणीच नव्हते. मग निर्णय कशाच्या आधारावर घ्यावा? मी शास्त्र शाखेच्या मित्रांना गाठले.

त्यांनी समजावले ते आपल्या माठाचेच तत्त्व आहे. माठाच्या अंगातून झिरपलेले पाणी वाफ होऊन जाते आणि जाताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. म्हणून पाणी गार होते. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलची वाफ होते, तीही अशीच उष्णता ओढून घेते. शिवाय अरुंद घशातून हवा वेगाने जाताना तिचा दाब उतरतो आणि ती आणखी गार होते. दोन्ही मिळून तापमान वीस अंशांनीसुद्धा उतरू शकते. म्हणजे बाहेर दहा अंश असले तरी आत शून्याच्या खाली! हवा दमट असेल तर तिच्यातली वाफ थ्रॉटलच्या झडपेवर बर्फ होऊन चिकटते आणि वाट बंद करते. लहान विमानांना हा धोका फार जुना. तेथे वैमानिक एक खटका ओढून एग्झॉस्टच्या उष्णतेने तापलेली हवा कार्ब्युरेटरला देतो.

म्हणजे बर्फ पडण्याशी याचा संबंध नव्हता. थंडी आणि ओल एकत्र यावी लागते, आणि इंग्लंडच्या हिवाळ्यात ती महिनोन्महिने एकत्र नांदतात. आपल्याकडे कडाक्याची थंडी निफाडला पडते, पण ती बहुधा कोरडी. ओल आंबोलीला मुबलक, पण तेथल्या पावसाळ्यात इंग्लंडची थंडी नाही. उलट आपल्या एप्रिल-मेमध्ये कार्ब्युरेटरला आणखी ऊब देणे म्हणजे तापलेल्या माणसाला घोंगडी पांघरणे. मात्र एक मुद्दा मामांच्या बाजूचाही निघाला. आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते (त्यातले काही आपल्याच जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांचे असेल!), आणि इथेनॉलची वाफ होताना ते पेट्रोलपेक्षा दुपटीहून अधिक उष्णता ओढते. हे सगळे मी मामांपुढे कागदावर मांडले, त्यांच्या बाजूचा मुद्दाही लपवला नाही. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचले.

“काढ,” ते म्हणाले. “पण मी शेजारी बसणार. आणि फेकायचे काही नाही.”

रविवारी सकाळी, इंजिन पूर्ण गार असताना, आम्ही काम सुरू केले. गरम असताना रेडिएटरचे झाकण उघडले तर उकळते पाणी अंगावर येते. जुने कुलंट पातेल्यात धरले. ते विषारी असते आणि गोडसर असल्यामुळे कुत्र्या-मांजरांना भुलवते, म्हणून गटारात ओतायचे नाही. मिस्त्रींचा बेत दोन्ही तोंडे बुचे मारून बंद करण्याचा होता. मामा म्हणाले, “वाट बंद करू नका. पाणी इथून निघून तिथे परत जावे असे बनवणाऱ्याने ठरवले आहे. तो प्रवाह राहू द्या, फक्त कार्ब्युरेटरचा वळसा काढा.” मिस्त्रींनी मान डोलावली. उष्णता सोसणारी एक नवी नळी आणून निघण्याचे तोंड परतीच्या तोंडाला थेट जोडले. आठ जोडांचे दोन झाले.

आणि मग ती गोष्ट घडली. काढलेली नळी मी नळाखाली धुतली आणि कार्ब्युरेटरच्या पाण्याच्या वाटेला सायकलचा पंप लावला. हवा जाईना. चारही वाटा पांढऱ्या क्षाराने गच्च भरल्या होत्या. कधीतरी कोणीतरी बोअरचे पाणी भरले असावे. मिस्त्रींनी तारेने खरवडून पाहिले आणि म्हणाले, “ह्ये आजचं न्हाई. लई वर्सं झाली बंद पडून.”

अंगणात कोणी काही बोलले नाही. ज्या नळीच्या भरवशावर मामा इतकी वर्षे पावसात, धुक्यात आंबोलीला जाऊन येत होते, तिच्यातून पाणी जातच नव्हते. मामांनी तो क्षाराचा खडा बोटांत घेऊन चुरडला. मला वाटले त्यांना वाईट वाटेल. ते हसले. “म्हणजे इथे तिची गरज नव्हती, हे गाडीला माझ्या आधी कळले होते,” ते म्हणाले. “तिकडे मात्र तिने मला रोज घरी आणले, हेही खरे.”

नवे कुलंट शुद्ध पाण्यात निम्मे-निम्मे भरले, झाकण उघडे ठेवून इंजिन चालवले, बुडबुडे थांबेपर्यंत भर घातली. दुसऱ्या दिवशी पातळी पुन्हा पाहिली. ऑगस्टमध्ये मी आंबोलीला गेलो. घाटात दहा हातांपुढचे दिसत नव्हते. गाडी एकदाही अडखळली नाही. एका फेरीने सिद्धान्त सिद्ध होत नाही हे मला ठाऊक आहे. म्हणून जानेवारीतल्या पहाटे पुन्हा गेलो. तेव्हाही नाही.

जुन्या नळ्या, क्लिपा आणि बारीक गाळणी आता एका बिस्किटाच्या डब्यात आहेत. डब्यावर मामांच्या अक्षरात चिठ्ठी आहे: कोणती नळी कोठून कोठे, आणि खाली एक ओळ, ‘गाडी थंड आणि ओलसर मुलुखात गेल्यास वाटा साफ करून, नव्या नळ्या घालून परत बसवावे.’ उद्या ही गाडी कोणाच्या हाती जाईल, कोणत्या गावी जाईल, कोण जाणे. पण ज्याच्या हाती जाईल त्याला नळी का होती आणि का काढली, ही दोन्ही कारणे एकाच डब्यात मिळतील. जुन्या चालीरीती मोडताना आपण असा डबा ठेवतो का, हा प्रश्न मी आमच्या प्राध्यापकांना विचारणार आहे.